दर्याची वाव

पहाटे साडेपाचला रस्त्यावर बुटांचे आवाज सुरू झाले की आमच्याकडे हंगाम लागला असं समजायचं. कॅलेंडर बघावं लागत नाही. दिवाळीचे कंदील अजून काही घरांवर लोंबत असतात, बाया बोंबील वाळवायच्या काठ्या नव्यानं बांधून घेत असतात, आणि नवापूरच्या बंदरापासून बोईसरच्या दिशेनं पोरंपोरी धावायला लागतात. भरतीचा हंगाम. सैन्याची, पोलिसांची, वनरक्षकाची, कसलीही. सैन्यात आता बहुतेकांना चारच वर्षं ठेवतात हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी धावतात. कारण दुसरं जे काही आहे ते कारखान्यांचं, कुंभवलीच्या अंगाला दिवे लावून उभं आहे, आणि तिथली कंत्राटाची नोकरी पोराचं बारसं व्हायच्या आत संपते.

हे शेवटचं वाक्य मी पत्रकात तीनदा वापरलं आहे. मी पत्रकं लिहिते. खाडीत सोडलेल्या पाण्यावर, मेलेल्या बोय माशांवर, सकाळी डोळ्यांत जाणाऱ्या वासावर. गेली पाच वर्षं. पत्रकाची एक रीत असते: आधी राग, मग पुरावा, शेवटी मागणी. या लेखात मागणी नाही. कुणाकडे करायची ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा बुटांचे आवाज आले तेव्हा मी जागीच होते. काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी हिरडीत सुई मारतात, मग गाल आपलाच असतो आणि नसतोही, तसं. बाहेर ओट्यावर माझा भाऊ बसला होता. दादा आठ वर्षं सैन्यात आहे. गेलं वर्ष त्यानं परदेशात काढलं, आफ्रिकेतल्या एका देशात, निळी टोपी घालून, शांतिसेनेत. देशाचं नाव लिहीत नाही. एकदा लिहून झालं आहे. कार्तिकात तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर परत आला. आल्या दिवशी त्यानं धावायचे बूट पडवीतल्या खिळ्याला अडकवले, ते तिथेच होते. पोरं ओट्यासमोरून गेली. त्यांतल्या दोघातिघांनी "जय हिंद, दादा" म्हणून हात वर केला. त्यानं कप वर केला. चहा संपवला. आत गेला.

हाच माणूस या रस्त्यावर रडला होता. तो एकोणीस वर्षांचा, मी चौदा. भरतीत सोळाशे मीटर धावायचं असतं, साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे पहिल्या रांगेत बसवतात. आमच्या रस्त्यावर सोळाशे मीटर कुठून कुठवर, हे कुणालाच माहीत नव्हतं. बोईसरला एक निवृत्त हवालदार पोरांना शिकवायचा, त्यानं सांगितलं, टेपनं मोजा. टेप कुणाकडे होती? बाबा म्हणाला, "रस्सी हाय की."

बाबा डोलीवाला, डोल जाळ्यानं मासे धरणारा. जाळ्याची रस्सी वावेनं मोजायची. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव, सहा फूट. हिशोब मी करून दिला, पाटीवर: सोळाशे मीटर म्हणजे आठशे पंचाहत्तर वाव. बाबा बंदरावरच्या खांबापासून निघाला. रस्सी हातांत ताणायचा, पुढे सरकायचा, मोठ्यानं मोजायचा. वीस झाले की थांबायचा नाही. एकविसावी वाव पसरायचा, पण तोंडातून अवाक्षर नाही. आणि मग पुन्हा "एक".

"बाबा, ती मोजली नायस," मी म्हटलं.

"ती दर्याची."

आमच्याकडे रीतच आहे. रस्सी पाण्यात भिजते, गाठी खातात, ओढ लागते. म्हणून दर विशीला एक वाव न मोजता सोडायची. बाबा म्हणायचा, "मोजलीस तर तुजी, नाय मोजलीस तर त्याची. मागून तंडायला नको." डांबरी रस्त्याला ना गाठी ना भरती-ओहोटी. पण हातांना वीसनंतर एक सोडायची सवय चाळीस वर्षांची, ते थोडेच विचारणार. कुंभवलीच्या वाटेला मोरीजवळ चुन्याची रेघ पडली आणि तेच आमचं सोळाशे मीटर झालं.

दादा रोज धावायचा आणि रोज उशिरा पोचायचा. पाच पन्नास. पाच पंचेचाळीस. पाच सत्तेचाळीस. एकदा त्या मोरीवर बसून गुडघ्यात डोकं घालून रडला. "माझ्यानं नाय व्हायचं, बाये." बाबा बाजूला उभा. त्यानं समजूत घातली नाही. म्हणाला, "दम हाय तुज्यात. ऐकू येतो मला." घरी आल्यावर आईनं त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धावला. पाच बेचाळीस.

भरतीच्या मैदानावर काय झालं ते तो आम्हाला आठ वर्षं सांगत आला आहे. दरवेळी थोडं वाढवून. धावताना त्याला वाटत होतं की अजून बरंच जायचं आहे. पांढरी रेघ आली, माणसं घड्याळं घेऊन उभी होती, पुढची पोरं मातीत लोळत होती, आणि हा थांबलाच नाही. तसाच पुढे. मागून एक हवालदार ओरडला, "अबे रुक! कहाँ जा रहा है, सीधा बॉर्डर?" त्याचं शरीर त्या रेघेला ओळखतच नव्हतं. पहिल्या पाचात आला होता. साडेपाच मिनिटांच्या खूप आत. घरी आल्यावर मी पाटी काढली, विशीची एक धरून हिशोब केला, आणि बाबाला सांगितलं की तू पोराला जवळजवळ ऐंशी मीटर जास्त धाववलंस. बाबा हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "मग? बुडाला का?"

सैन्यात धावणं म्हणजे काय, हे मी दादाकडूनच ऐकलं. ओझं घेऊन, बंदूक घेऊन, शिट्टीवर, शिक्षा म्हणून. तो म्हणायचा, ते धावणं माझं नाय, सरकारचं हाय. सात वर्षं तो सरकारचं धावला. आणि गेल्या वर्षी त्या परक्या देशात, तारांच्या भेंडोळ्यांच्या कुंपणात, त्याला त्याचं धावणं सापडलं.

तळाच्या बाहेर विनाकारण जायची परवानगी नव्हती. आत पत्र्याचे डबे ओळीनं, त्यांतच झोपायचं. पांढऱ्या गाड्या. तांबडी माती, इतकी बारीक की दातांत यायची. रविवारी सकाळी सुट्टी. एका रविवारी काहीच सुचेना म्हणून तो कुंपणाच्या आतून चालायला लागला, मग पळायला लागला. कुणी घड्याळ लावलं नव्हतं. कुणी शिट्टी मारली नाही. दुसऱ्या एका देशाचे दोन शिपाई डब्याच्या पायरीवर दाढी करत बसले होते, त्यांनी हात केला. तो म्हणाला, "बाये, मला कळेचना थांबायचं कवा. कुनी सांगणाराच नाय." मग त्यानं एक फेरा मोजला. अर्थातच वावेनं. एक दोरी मिळवली आणि हात पसरत कुंपण फिरला.

"दर्याची धरलीस?" मी फोनवर विचारलं.

"धरली ना."

"अरे, तिकडे दर्या कुठे हाय?"

"म्हणून काय झालं? त्याची ती त्याची."

तिकडचे सहा म्हणजे आमचे साडेनऊ. रविवारी साडेनऊला फोन वाजायचा. दादा तो खिशात ठेवायचा आणि फेरे मारायचा. बोलणं नाही. बाबाला फोनवर बोलता येत नसे, समोर माणूस नसताना काय बोलायचं असा त्याचा प्रश्न होता. पण हे त्याला जमलं. पडवीत पायरीवर बसायचा, फोन कानाला, डोळे मिटून. मी शेजारी बसले की मला पण ऐकू यायचं: बूट, माती, श्वास, कुठंतरी एक जनित्र. आई मासे साफ करता करता विचारायची, "काय म्हणतो?" बाबा हात वर करून गप्प करायचा. फेरे संपत आले की म्हणायचा, "दमला नाय." आणि फोन माझ्या हातात द्यायचा. एवढंच. आठवडाभराचं बोलणं त्या दोन शब्दांत व्हायचं. असे नऊ रविवार झाले.

पौषात मी ते पत्रक काढलं.

त्या आठवड्यात वास फार होता. मोरीजवळ धावताना दोन पोरी ओकल्या. मी तक्रार घेऊन एका कचेरीत गेले, तिथल्या बाबूनं विचारलं, "वास मोजला का तुम्ही?" मी चवताळले होते. अजूनही त्या प्रश्नावर चवताळायला पाहिजे. मी घरी आले, बसले, आणि एका बैठकीत लिहिलं: नवापूरचा जवान परक्या देशात मोकळ्या हवेत धावतो, त्याच्या स्वतःच्या गावातल्या पोरांनी मात्र नाकाला रुमाल बांधून धावायचं का? खाली त्याचं नाव. देशाचं नाव. त्यानं फोनवर म्हटलेलं एक वाक्य, की इथली हवा बरी, आपल्याकडे डोळे चुरचुरतात. आणि त्यानं आईला पाठवलेला फोटो, निळी टोपी, मागे कुंपण, कुंपणापलीकडे पहाऱ्याचा मनोरा. दादाला विचारलं नाही. विचारायचं डोक्यातच आलं नाही. ते माझ्या भावाचं वाक्य होतं, म्हणजे माझंच, असं काहीसं. पत्रक चांगलं झालं होतं. आजवरचं सगळ्यात चांगलं. पालघरपर्यंत फिरलं, फोनाफोनांतून फिरलं, आणि जिथं पोचायला नको तिथं चार दिवसांत पोचलं.

त्याचा फोन बुधवारी आला.

"तू माजं नाव छापलंस?"

"अरे, पत्रक बघ तरी आधी—"

"बघितलं. साहेबांनी दाखवलं. फोटो, जागा, सगळं. राजकीय पत्रकात."

"राजकीय नाही ते. हवेचं आहे."

"बाये, मी वर्दीत हाय." मग थोडा वेळ त्याच जनित्राचा आवाज. "फोन जमा करतोय. बाबाला सांग."

कुणाला गोळी लागली नाही, कुणाची नोकरी गेली नाही. त्याला बाहेरच्या गस्तीवरून काढून कोठारात बसवलं. महिन्यातून एकदा कचेरीतल्या फोनवरून दोन मिनिटं, शेजारी कुणीतरी बसलेलं. नियम होता, त्यानं मोडला असं धरलं गेलं, आणि मोडला होता मी. मला तेव्हा राग आला तो नियमाचा. राग मला लवकर येतो, आणि तो आला की बाकी काही यायला जागा राहत नाही.

बाबाला मी सांगितलं, "रेंज नाय तिकडे."

"दर्यात पन नसते," बाबा म्हणाला.

आणि पुढच्या रविवारी साडेनऊला पायरीवर येऊन बसला. फोन गुडघ्यावर. सव्वादहापर्यंत. मग उठून जाळ्याकडे गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. बाजारात कुणीतरी वाटलेलं माझं पत्रक त्यानं आणलं होतं. त्याला वाचायला फारसं येत नव्हतं. फोटो होता. जाळ्यांच्या खोलीच्या दाराला त्यानं ते चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "माजा पोरगा." मी त्या दारासमोरून रोज जायचे. खरं काय ते सांगायला सात रविवार होते माझ्याकडे. सातही मी मोजले, सांगितलं एकाही दिवशी नाही.

माघाच्या शेवटी, बंदरावर जाळं शिवताना, बाबा बसल्या जागी कलंडला. शेजारच्या होडीवरच्यांना वाटलं डुलकी लागली. दादाला त्याच्या साहेबानं बोलावून सांगितलं. यायला चार दिवस लागले असते. चुलतभावानं अग्नी दिला. दाखल्यावर हृदय लिहिलं आहे. तेराव्यानंतर माझ्या संघटनेतल्या एकानं हळूच विचारलं, "वायूचा मुद्दा घ्यायचा का?" चांगलं पत्रक झालं असतं. पहिली ओळ तर डोक्यात तयार पण झाली होती, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. पुरावा नव्हता. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्या गालात ती सुई आहे.

तर यंदा. दादा आला, बूट खिळ्याला अडकवले, जाळ्यांच्या खोलीच्या दाराशी थांबला. पत्रक दमटपणानं पिवळं पडलं होतं. "फोटो बरा आलाय," म्हणाला. एवढंच. मग दिवसभर ओटा. आई त्याच्या पुढ्यात ताट ठेवायची, तो जेवायचा. मी बैठकांना जायचे, यायचे. घरात तीन माणसं एकमेकांना धक्का न लावता वागत होती.

एके सकाळी धावणारी पोरं ओट्यासमोर थांबली. पुढे अश्विनी. ती कुंभवलीची, एका कारखान्यात डबे भरायच्या कामावर, रात्रपाळी संपली की तशीच धावायला येते, डोळे लाल असतात. म्हणाली, "दादा, रस्त्यावर नवीन डांबर टाकलं. रेघ गेली. खांबाची पण गेली, मोरीची पण."

"मोबाईलवर मोजा."

"मोबाईल येगयेगळं सांगतो. याचा येगळा, माजा येगळा. तुमच्या बाबांची रेघ पायजे."

पोरं जरा वेळ उभी राहिली आणि गेली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर जाळ्यांच्या खोलीचं दार वाजलं, आणि तो रस्सी खांद्यावर घेऊन बाहेर आला. "चल. टोक धर."

मी टाचेखाली टोक धरलं. त्यानं हात पसरले. मी आजवर कधी नीट बघितलं नव्हतं, त्याचे हात बाबाचेच आहेत. लांब, मनगटाशी बारीक. तो मोजत गेला, मी खूण धरून मागून सरकत गेले. बोंबलांच्या काठ्यांजवळून गेलो, बाया काम थांबवून बघायला लागल्या. एक म्हातारी ओरडली, "काय रे, रस्ता इकत घेतोस काय?" तो हसला नाही, पण मान हलवली. एकोणीस. वीस. हात पुन्हा पसरले. तोंड बंद. मग, "एक."

निम्म्याच्या पुढे गेलो तेव्हा वाऱ्याबरोबर तो वास आला. दोघंही थांबलो.

रस्सीकडे बघत त्यानं विचारलं, "रविवारी बाबा काय करायचा?"

"बसायचा. फोन गुडघ्यावर ठेवून."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"रेंज नाय."

"किती रविवार?"

"सात."

त्यानं हात पसरले. "अकरा." पुन्हा पसरले. थांबला. हात तसेच आडवे. "बारा होती का ही?"

"माहीत नाही."

"चुकलं. मागच्या विशीपासून घे."

आम्ही मागे गेलो. मी म्हटलं, "दादा, ते पत्रक राजकीय नव्हतं." कशाला म्हटलं? वर्षभर तेच एक वाक्य तोंडात धरून बसले होते, तेच बाहेर पडलं.

"अजून तेच म्हनतेस," तो म्हणाला. रागानं नाही. "विचारायचंस फक्त. मी हो पन म्हटलं असतं, काय सांगावं."

"तू धावलास का, नंतर?"

"फेऱ्या मारायला लावायचे तेवढ्या मारल्या. त्याला धावणं नाय म्हनत." आणि हात पसरून म्हणाला, "एक."

मोरीशी चुना मी ओतला. बोटांनी रेघ सरळ केली. दुसऱ्या दिवशी पोरं त्या रेघेवर धावली. अश्विनी दोन मोबाईल दंडाला बांधून धावली आणि धापा टाकत परत आली. "ताई, सोळाशे ऐंशी दाखवतात. दोन्ही. ऐंशी मीटर जास्ती हाय."

मी दादाकडे बघितलं. कुणाचं तरी माप खोटं आहे हे सिद्ध करणं, हे माझं काम. पाच वर्षं तेच करते. वास मोजला का, पाणी मोजलं का, कोणी मोजलं, कधी मोजलं. इथं माप चुकीचं आहे हे मला पाटीवर मांडून दाखवता आलं असतं.

"आसू दे," दादा म्हणाला.

"पन टायमिंग वाईट येतंय, दादा. सगळ्यांचं."

"येऊ दे. मैदानात रेघ लवकर येते."

पोरांना ते कळलं नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या नखांत चुना सुकला होता. मी पाटी काढली नाही, रेघ तशीच राहिली.

पौषात दादाची सुट्टी संपली. पहाटे गेला. आईनं डब्यात सुका जवळा दिला, तो त्यानं पिशवीच्या तळाशी घातला. एस.टी. गेल्यावर मी परत आले तर पडवीतला खिळा मोकळा होता. आई म्हणाली, "बूट न्हेले." मी हो म्हटलं.

तो आता देशातच कुठेतरी आहे. कुठे, ते लिहीत नाही. तो जायच्या आधीपर्यंतचं सगळं तो असताना बसून लिहिलं, त्याच्या नावाची जागा रिकामी ठेवली, त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं. "दादा लिही," म्हणाला. "दादा चालेल." पुढचं एवढं नंतर जोडते आहे, तेही त्याला विचारून.

गेल्या रविवारी साडेनऊला फोन वाजला. उचलला. हॅलो नाही. बूट. माती नसावी, खडी असावी, आवाज कोरडा होता. आणि श्वास. मी पायरीवर जाऊन बसले. आई आतून म्हणाली, "कोन? काय म्हनतो?" मी हात वर केला.

फेरे संपत आले असावेत. बाबाचे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले. मी ऐकत राहिले. आत, बाहेर, आत, बाहेर. बाबाला त्यातून कळायचं. मला कळत नाही. तो दमलाय की नाही, हे मला ऐकून ओळखता येत नाही. माहीत नसलेलं मी पत्रकांत पुष्कळदा ठासून लिहिलं आहे. फोनवर ते दोन शब्द म्हटले नाहीत.

फोन मात्र ठेवला नाही. कान गरम झाला तेव्हा दुसऱ्या कानाला लावला.